जपानी फिगर, अंथुर्ण्याचा पत्ता

जपानमधल्या दुकानाच्या संकेतस्थळावर सहा हजार रुपयांना दिसणारी अ‍ॅनिमे फिगर, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेतल्या पात्राची छोटी मूर्ती, इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्णे गावी घरी पोचेपर्यंत कितीला पडते? 'नारुतो', 'वन पीस', 'डीमन स्लेयर' या मालिका पाहत वाढलेली पिढी आता स्वतः कमावू लागली आहे, आणि ती फक्त मुंबई-पुण्यात राहत नाही. बारामती, भवानीनगर, वालचंदनगरच्या पट्ट्यातल्या एखाद्या तरुणाने पगारातून आवडत्या पात्राची अस्सल फिगर मागवायची म्हटली, तर त्याला आधी या प्रश्नाचं उत्तर हवं. ते त्याला कुणीही नेमकं देत नाही. दोष त्याच्या छंदाचा नाही, नियमांच्या गोंधळाचा आहे.

प्लास्टिकच्या बाहुलीवर इतका खर्च कशाला, असं घरातले विचारतात. पेणच्या गणेशमूर्ती पाहिलेल्यांना याचं उत्तर पटकन कळेल. साच्यातून मूर्ती अनेक निघतात, पण डोळ्यांची आखणी कसलेल्या हाताकडेच जाते. फिगरमध्येही आधी शिल्पकार मूळ नमुना घडवतो, दुसरा कलाकार त्याची रंगयोजना ठरवतो, आणि बऱ्याच खोक्यांवर या दोघांची नावं छापलेली असतात. डोळे कारखान्यात मऊ ठशाने, रंगावर रंग चढवत छापतात. ठसा केसभर सरकला तरी चेहरा बिघडतो.

या कलेला इतिहासही आहे. ओसाका प्रांतात १९६४ मध्ये एका चिमुकल्या दुकानातून सुरू झालेली काइयोडो ही कंपनी पुढे फिगरच्या जगातलं मोठं नाव झाली. गुड स्माइल कंपनी २००१ मध्ये उभी राहिली आणि २००६ पासून तिच्या दहा सेंटिमीटरच्या, मोठ्या डोक्याच्या 'नेंडोरॉइड' जगभर पोचल्या. 'वंडर फेस्टिव्हल' या जत्रेत हौशी शिल्पकार स्वतः घडवलेल्या फिगर विकतात. मूळ मालिकेचे हक्कधारक त्यांना फक्त त्या एका दिवसापुरता परवाना देतात. एका दिवसाच्या विक्रीलाही परवाना घेणाऱ्या या व्यवसायात नकली माल म्हणजे सरळसरळ चोरी आहे.

आणि आपल्याकडच्या ऑनलाइन बाजारात ही चोरी राजरोस विकली जाते. संग्राहक तिला 'बूटलेग' म्हणतात. खोक्यावर निर्मात्या कंपनीचं नाव नसणं, विक्रेत्याने स्वतःचा फोटो न देता फक्त कंपनीचं जाहिरातचित्र लावणं, सांध्यांवर ओघळलेला रंग, उघडताच येणारा उग्र वास, या तिच्या खुणा. मात्र स्वस्त ते सगळं नकली, असं समजू नये. जपानमधल्या क्रेन गेमच्या यंत्रांत बक्षीस म्हणून ठेवण्यासाठी बॅनप्रेस्टो, सेगा, ताइतो यांसारख्या कंपन्यांनी काढलेल्या 'प्राइझ फिगर' अस्सल असूनही बऱ्याच कमी दरात मिळतात. जुन्या मालाची जपानी दुकानंही भरवशाची असतात. अमीअमी हे दुकान तर वापरलेल्या फिगरची आणि तिच्या खोक्याची प्रतवारी वेगवेगळी सांगतं. पहिल्या खरेदीसाठी हीच वाट बरी.

आता हिशेब. सीमाशुल्क फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वाहतूक आणि विमा त्यात मिळवला जातो. सहा हजारांची फिगर आणि विम्यासह दोन हजारांचं टपाल धरलं, तर शुल्काचा पाया आठ हजारांचा होतो. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. त्या दराने केवळ मूळ शुल्कच ५,६०० रुपये होतं. किंमत अधिक शुल्क या बेरजेवर आयजीएसटी वेगळा.

पण फिगर हे खेळणं आहे का? खरा पेच इथे आहे. दरपत्रकात ९५०३ या शीर्षकाखाली बाहुल्या, खेळणी आणि छोट्या प्रतिकृती येतात. ३९२६ खाली प्लास्टिकच्या शोभेच्या मूर्ती येतात. व्यक्तिगत वापरासाठी टपालाने वा कुरिअरने मागवलेल्या वस्तूंसाठी ९८०४ हे आणखी वेगळं शीर्षक आहे, आणि त्याचा दर खेळण्यांपेक्षा बराच कमी आहे. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेला खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे, तर जपानी फिगरच्या खोक्यावर बहुधा '१५ वर्षांवरील' असं छापलेलं असतं. म्हणजे एकच वस्तू एका नियमाने खेळणं, दुसऱ्याने शोभेची मूर्ती आणि तिसऱ्याने नुसतं व्यक्तिगत सामान ठरू शकते. ग्राहकाने कशाच्या भरवशावर पैसे बाजूला काढायचे?

यावर काही जण विक्रेत्याला खोक्यावर 'भेट' लिहायला किंवा किंमत कमी दाखवायला सांगतात. तसं अजिबात करू नये. परदेशातून टपालाने येणाऱ्या भेटवस्तूंची शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्ये राखी आणि जीवरक्षक औषधं वगळता संपली. खोटी किंमत दाखवणं हा सीमाशुल्क कायद्याखाली गुन्हा आहे. माल जप्त होतो, दंडही बसतो.

मागवणाऱ्याने काही गोष्टी आधीच उरकाव्यात. २०२० पासून नवी बँक कार्डं सुरुवातीला फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठी सुरू असतात. परदेशी व्यवहाराची सोय बँकेकडून चालू करून घ्यावी लागते. खासगी कुरिअर ओळखपत्र मागतं आणि माल सोडवण्याचं वेगळं शुल्क घेतं. टपालाने आलेल्या पार्सलचं सीमाशुल्क ते घरपोच मिळताना भरता येतं, तेव्हा तेवढी रक्कम हाताशी ठेवावी. प्री-ऑर्डर केलेली फिगर कित्येक महिन्यांनी तयार होते. ती एप्रिल-मेमध्ये निघणार असेल तर दुकानाला थांबवून ठेवता येईल का, ते विचारावं. इंदापूर-बारामतीचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि तापल्या गाडीत पीव्हीसी प्लास्टिक मऊ पडून फिगरचे पाय वाकतात. घरातही तिला खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवावं.

ग्राहक एवढी काळजी घेत असेल, तर सरकारनेही आपलं काम करावं. देशी खेळणी उद्योगाला, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना संरक्षण मिळायलाच हवं. पण प्रौढ संग्राहकाने मागवलेल्या एका फिगरमुळे सावंतवाडीचं गिऱ्हाईक कमी होत नाही. उलट अस्सल मालाचा भाव अनिश्चित राहिला की गिऱ्हाईक नकली मालाकडे वळतं, आणि त्यावर सरकारला सीमाशुल्काचा रुपयाही मिळेल याची खात्री नसते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाने एक परिपत्रक काढून तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात: व्यक्तिगत संग्रहासाठीची फिगर कोणत्या शीर्षकाखाली मोजायची, एका वेळी किती नगांपर्यंत तिला व्यक्तिगत मानायचं, आणि १५ वर्षांवरील वस्तूला खेळण्यांचा गुणवत्ता आदेश लागू आहे की नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, अर्थसंकल्पाची वाटही पाहावी लागत नाही.