आधी घराघराचा हिशेब, मग कायदा

आमच्या कापडाच्या धंद्यात एक गोष्ट दुकानातल्या नव्या पोऱ्यालाही कळते. दहा गिऱ्हाइकांची मापे घेतली, त्यांची सरासरी काढली आणि त्या एकाच मापाचे दहा सदरे शिवले, तर एकालाही सदरा धड बसायचा नाही. कागदावरचा हिशेब मात्र अगदी बरोबर असेल! सरकारे कर बसवतात, सवलती देतात, मदतीच्या योजना काढतात, तेव्हा पुष्कळदा हाच सरासरीचा सदरा शिवला जातो. दरडोई उत्पन्न इतके वाढले, योजनेवर इतके कोटी खर्च झाले, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. पण बारा तास मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या घरात महिनाअखेर किती पैसे जास्त आले की कमी झाले, हे त्यातून कळत नाही.

हा प्रश्न ब्रिटनच्या एका अर्थशास्त्रज्ञाने आयुष्यभर धरून ठेवला. त्यांचे नाव सर अँथनी अ‍ॅटकिन्सन. लोक त्यांना टोनी म्हणत. जन्म १९४४ चा, वेल्समधला. निधन १ जानेवारी २०१७ रोजी. केंब्रिजला ते गणित शिकायला गेले होते. तरुणपणी जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात एका इस्पितळात त्यांनी स्वयंसेवक म्हणून काम केले. तिथे गरिबी जवळून पाहिली आणि गणिताऐवजी अर्थशास्त्राची वाट धरली. व्यापाऱ्यांनी त्यांचे काम समजून घ्यावे असे आम्हाला वाटते, कारण त्यांची पद्धत आपल्या खतावणीसारखीच आहे. प्रत्येक खाते वेगळे, आणि प्रत्येकाची बाकी वेगळी.

त्या काळी ब्रिटनमध्ये अशी समजूत होती की दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कल्याणकारी कायद्यांनी गरिबी संपली. १९६५ मध्ये ब्रायन एबल-स्मिथ आणि पीटर टाउनसेंड या दोघांनी पाहणीचे आकडे पुढे ठेवून ही समजूत खोटी ठरवली. ते वाचून अ‍ॅटकिन्सन यांनी पुढचा प्रश्न विचारला : कायदा आहे, पैसा आहे, तर मग गरीब उरले कसे? १९६९ मध्ये त्यांनी ब्रिटनमधील गरिबी आणि सामाजिक सुरक्षेच्या सुधारणा यांवर पुस्तक लिहिले. उत्तराचा एक भाग अगदी साधा होता. उत्पन्न तपासून मिळणारी मदत हक्काची असूनही कित्येक म्हातारी माणसे ती मागायलाच जात नव्हती. कुणाला माहिती नव्हती, कुणाला फॉर्म जमत नव्हता, आणि कुणाला सरकारी माणसासमोर आपली गरिबी उघडी करण्याची शरम वाटत होती.

सन १९७१ मध्ये ब्रिटिश सरकारने कमी पगारावर काम करणाऱ्या, लेकुरवाळ्या कुटुंबांसाठी पूरक उत्पन्नाची योजना आणली. ठरलेल्या रकमेपेक्षा मिळकत जितकी कमी पडेल, त्याच्या निम्मे पैसे सरकार देणार. जाहिराती झाल्या, गाजावाजा झाला. तरी हक्कदारांपैकी निम्म्याच्या आसपासच कुटुंबे मदत घ्यायला आली. दुसरी अडचण त्याहून चमत्कारिक. माणसाने जास्त काम करून एक पाउंड जास्त कमावला, की मदतीतून अर्धा पाउंड कमी होई. त्यात प्राप्तिकर आणि विम्याची वर्गणी कापली जाई, वर घरभाड्याची सवलतही घटे. घाम गाळून मिळवलेल्या पाउंडातले हातात जेमतेम काही पेन्स उरत. प्रत्येक योजना स्वतंत्रपणे पाहिली तर चांगलीच होती. पण त्या सगळ्या एकाच घरावर एकदम येऊन पडल्या की कष्टाळू माणसाचे पाय बांधले जात. सरासरीच्या आकड्यात हे कधीच दिसले नसते.

म्हणून ऐंशीच्या दशकात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये असताना अ‍ॅटकिन्सन यांनी हॉली सदरलँड यांच्यासह एक संगणकीय नमुना तयार केला. त्याचे नाव टॅक्समॉड. कुटुंबांच्या खर्चाची जी सरकारी पाहणी दरवर्षी होत असे, तिच्यात सुमारे ७ हजार घरांची माहिती असे. घरात किती माणसे, कमाई किती, भाडे किती, मुले किती. संगणक प्रत्येक घराला आजचा कायदा लावून हिशेब करी. मग प्रस्तावित कायदा लावून पुन्हा तोच हिशेब. दोन्हींतला फरक म्हणजे त्या घराचा नफा किंवा तोटा. नमुन्यातले एकेक घर हजारो घरांच्या वतीने उभे असल्यामुळे शेवटी देशाचे चित्र मिळे, आणि कोणते घर कुठे बुडते तेही कळे. पुढे युरोपातील अनेक देशांसाठी याच धर्तीवर युरोमॉड नावाचा नमुना तयार झाला. तो आजही वापरात आहे.

यातही अ‍ॅटकिन्सन यांचा आग्रह असा, की हक्क आहे म्हणजे पैसे मिळालेच असे संगणकाने धरू नये. जे खिडकीपर्यंत येत नाहीत त्यांनाही हिशेबात घ्यावे. म्हणूनच सर्व मुलांना सरसकट मिळणाऱ्या बालभत्त्याची बाजू ते घेत राहिले. २०१५ मध्ये त्यांनी विषमतेवरचे शेवटचे मोठे पुस्तक लिहिले. त्यात १५ उपाय सुचवले. बालभत्ता भरघोस वाढवावा, सर्वांना द्यावा, मात्र तो उत्पन्नात धरून त्यावर कर घ्यावा, हा त्यातला एक. श्रीमंतांकडून काही भाग करातून परत येईल आणि गरिबाला दाखला दाखवावा लागणार नाही. या सर्व गोष्टी परवडतील का, असे लोक विचारणार हे ते जाणून होते. म्हणून कर आणि भत्त्यांविषयीचे प्रस्ताव त्यांनी युरोमॉडवर घालून पाहिले आणि जमा-खर्चासकट उत्तर छापले. मत कुणाला पटो न पटो, हिशेब समोर ठेवणाऱ्याशी निदान मुद्द्यावर भांडता येते.

आता आपल्या घरात डोकावू. आमच्याकडे जरीकाम करणाऱ्या एका कारागिराच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळण्यासारखी होती. उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते, शाळेचा शिक्का, यात त्याची चार दिवसांची मजुरी बुडाली. पाचव्या दिवशी तो कामावर परत आला आणि फॉर्म तसाच राहिला. कोणत्याही अहवालात त्या मुलीची नोंद नाही. दोष फक्त कचेरीचा असे म्हणून आम्ही सुटू पाहिले, पण मग आठवले की काही वर्षांपूर्वी पाहणी करणारा एक तरुण आमच्या पेढीवर आला होता. माणसे किती, मजुरी किती, असे तो विचारत होता. आम्ही त्याला 'शेठ बाहेरगावी गेलेत' असे सांगून वाटेला लावले. करवाला असेल अशी भीती! बाजारात अशी उत्तरे देणारे आम्ही एकटे नाही, हे वाचक जाणतातच.

आकडे नसले की काय होते ते देशाने पाहिले आहे. कुटुंबांच्या खर्चाची राष्ट्रीय पाहणी २०११-१२ नंतर २०१७-१८ मध्ये झाली, पण तिचे निष्कर्ष सरकारने जाहीर केले नाहीत. पुढची पाहणी २०२२-२३ ची. तिच्यात सुमारे २ लाख ६१ हजार घरे होती आणि तिचे आकडे २०२४ मध्ये बाहेर आले. मधल्या काळात नोटबंदी आली, २०१७ च्या जुलैत कापडावर जीएसटी आला, कोरोना आला. आमच्या बाजारात दर ५ टक्के की किती यावर रात्री-रात्री वाद झाले. पण चार मागवाल्याच्या आणि त्याच्याकडच्या मजुराच्या घरावर त्याचा काय परिणाम होईल, हे वहीत मांडून दाखवणारा आमच्यात कुणी निघाला नाही.

म्हणून व्यापारी मंडळे आणि कारागिरांच्या संस्था यांना आमची सूचना आहे. प्रत्येक गावात शंभर घरांची एक वही करा. घरे ओळखीची घेऊ नका, यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडा. माणसे, माग किंवा यंत्रे, मजुरी, भाडे, शाळेचा खर्च, औषधपाणी लिहा. कोणत्या योजनेचा हक्क आहे आणि प्रत्यक्षात काय हाती पडले, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. नावे गुप्त ठेवा, म्हणजे माणूस खरे बोलेल. मंडळाचा मुनीम आणि कॉलेजात शिकणारी आपली मुले मिळून हे काम दोन महिन्यांत करू शकतील. शंभर घरांवरून देशाचा हिशेब होणार नाही, पण गावाचे दुखणे कळेल. अंदाजपत्रक आले, नवा कर आला, की तो या वहीवर लावून पाहा आणि निवेदनासोबत तो हिशेब जोडा.

आणि पाहणी करणारा पुन्हा दुकानात आला, तर त्याला बसायला खुर्ची द्या, चहा पाजा आणि खरे आकडे सांगा. आम्ही तरी आता तेच करणार आहोत.