फॉस्फरस-चक्राच्या बाणांना वेग हवा

पाठ्यपुस्तकातील फॉस्फरस-चक्राची आकृती तुम्ही पाहिलीच असेल. खडक, माती, वनस्पती, प्राणी, समुद्र आणि त्यांना जोडणारे बाण. परीक्षेत ती बिनचूक काढली की पुरे गुण मिळतात. पण एखाद्या बाणाचा प्रवास पुरा व्हायला किती वेळ लागतो, हे कोणी विचारीत नाही. माझ्या मते तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागर घ्या. लांबी सुमारे ३०० किलोमीटर, पण सरासरी खोली अवघी साडेसहा मीटर. शेतांतील खते व शहरांचे सांडपाणी नद्यांवाटे येथे येते. त्यावर सूक्ष्म शैवाले बेसुमार वाढतात, मरून तळाशी कुजतात आणि उन्हाळ्यात खोल पाण्यातील प्राणवायू संपतो. मग मासे व खेकडे गुदमरतात.

येथे वसंत ऋतूत पाण्यातील विरघळलेले फॉस्फेट मोजले, तर ते अनेकदा अत्यल्प भरते. म्हणजे फॉस्फरस नाहीच काय? वाण्याच्या गल्ल्यात दुपारी पन्नास रुपये दिसले, म्हणून त्याचा धंदा पन्नास रुपयांचा ठरत नाही. पैसा आला तसा माल भरण्यात गेला, इतकेच. टंचाईच्या पाण्यात फॉस्फेटचेही असेच होते. सुटल्याबरोबर शैवाले व जीवाणू ते शोषून घेतात. सगळा साठा काही तासांत, कधी तर काही मिनिटांतच बदलतो.

हे फॉस्फेट सुटते कसे? पुष्कळ फॉस्फरस सजीवांपासून आलेल्या सेंद्रिय रेणूंत अडकलेला असतो. टंचाई पडली की सूक्ष्मजीव ‘अल्कलाइन फॉस्फटेज’ हे विकर तयार करतात. हे विकर अशा रेणूंतून फॉस्फेट तोडून मोकळे करते. फॉस्फेट मुबलक झाले की त्याचे उत्पादन मंदावते. म्हणून या विकराची वाढलेली क्रियाशीलता हे बव्हंशी टंचाईचे लक्षण मानतात. ती मोजण्याची एक रीत सोपी आहे. विकराने तोडल्यावर पिवळा रंग देणारा एक रंगहीन पदार्थ नमुन्यात घालायचा आणि रंग किती वेगाने चढतो ते पाहायचे. येथे साठा नव्हे, वेगच मोजला जातो.

हा केवळ पुस्तकी वाद नाही. फॉस्फेटयुक्त धुलाई पावडरींवर मेरीलँडने १९८५ मध्ये व व्हर्जिनियाने १९८८ मध्ये बंदी घातली. सांडपाण्यातील फॉस्फरस घटला. पाऊल योग्यच होते. तरीही उन्हाळ्यातील प्राणवायूची टंचाई संपलेली नाही. एक तर नायट्रोजन येतच राहिला. शिवाय प्राणवायू संपला की गाळात लोहाशी बांधलेले जुने फॉस्फेट पुन्हा पाण्यात सुटते. ऋतू बदलतो तसा बाणांचा वेग बदलतो. केवळ आवक मोजणारा हिशेब म्हणूनच अपुरा पडतो.

“शाळेत एवढी साधने कोठून आणायची?” असे शिक्षकबंधू विचारतील. साधने नकोत, बटाटा पुरे! त्याच्या सारख्या आकाराच्या फोडी तीन परीक्षानळ्यांत टाका: एक कच्ची, एक बर्फात गार केलेली, एक उकडलेली. गार फोडीची नळी बर्फातच ठेवा. प्रत्येकीत औषधाच्या दुकानातील सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड सारखेच घाला. बटाट्यातील कॅटॅलेज या विकरामुळे फेस येईल. दर अर्ध्या मिनिटाला त्याची उंची मोजून आलेख काढा. उकडलेल्या फोडीची रेषा जवळजवळ आडवीच राहील. आलेखाचा चढ म्हणजे विकराचा वेग, हे मग वेगळे शिकवावे लागणार नाही.

ठाण्याच्या खाडीत आणि माहीमच्या उपसागरातही सांडपाणी जाते. त्या पाण्याविषयी कोणी एखादा आकडा सांगितला, तर “किती?” एवढ्यावर थांबू नका. “किती वेगाने?” हेही विचारा.