६१७ अंकी कुलूप किती काळ टिकणार?

विशेष प्रतिनिधी

दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे हे संगणकाला क्षणाचे काम आहे. मात्र त्या गुणाकारावरून मूळच्या दोन संख्या शोधून काढणे जवळपास अशक्य ठरते. रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये मांडलेली 'आरएसए' ही सांकेतिक पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. संकेतस्थळांची प्रमाणपत्रे आणि डिजिटल स्वाक्षऱ्या यांची विश्वासार्हता आजही मोठ्या प्रमाणावर तिच्यावर विसंबून आहे.

या पद्धतीची कसोटी पाहण्यासाठी 'आरएसए-२०४८' ही ६१७ अंकी संख्या जाहीर करण्यात आली होती. तिचे अवयव पाडणाऱ्यास दोन लाख डॉलरचे इनाम होते. २००७ मध्ये ही स्पर्धा बंद झाली, तरी ते अवयव अद्याप कोणालाही सापडलेले नाहीत. विशेष म्हणजे, ही संख्या मूळ नाही हे संगणक सहज सांगू शकतो. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही, हे वेगाने व खात्रीने ठरविण्याची रीत आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये सिद्ध केली. अवयव पाडण्याची तशी वेगवान रीत नेहमीच्या संगणकासाठी उपलब्ध नाही. परंतु ती असूच शकत नाही, हेही कोणी सिद्ध केलेले नाही. खरी मेख येथेच आहे.

यापूर्वीचे अंदाज चुकलेही आहेत. १२९ अंकी संख्येचे अवयव पाडण्यास अब्जावधी वर्षे लागतील, असे १९७७ मध्ये मानले गेले होते. १९९४ मध्ये सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आठ महिन्यांत ते काम केले. २०२० मध्ये २५० अंकी संख्याही फुटली. अर्थात, ६१७ अंकांचा पल्ला त्याहून कितीतरी दूरचा आहे.

धोका वेगळ्याच दिशेने येत आहे. क्वांटम संगणक हे काम झपाट्याने करू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले. २०४८ बिटांच्या संख्येसाठी दोन कोटी क्यूबिट लागतील, असा २०१९ मधील अंदाज होता. गूगलचे संशोधक क्रेग गिडनी यांनी २०२५ मध्ये तो दहा लाखांच्याही खाली आणला. एवढे मोठे यंत्र आज अस्तित्वात नाही. पण गरजेचा आकडा सहा वर्षांत वीसपटीने घटला, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांच्या गणितावर अवलंबून नसलेली तीन नवी मानके जाहीर केली. भारतानेही २०२३ मध्ये सुमारे सहा हजार कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. मात्र केवळ यंत्र तयार होण्याची वाट पाहणे परवडणारे नाही. आज चोरून साठविलेला सांकेतिक मजकूर उद्या उलगडता येईल. आरोग्यविषयक नोंदी वा संरक्षणविषयक दस्तऐवज दशकानुदशके गुप्त राहावे लागतात. त्यांच्यापुरती तरी कुलूप बदलण्याची वेळ आलेली आहे.