घर आणि गोठा : म्हातारा ससा चारा टाकतो तेव्हा



या पानावर आजवर गाईच्या कासदाहापासून कोंबडीच्या मानमोडीपर्यंत सगळे बोलून झाले, पण सशाची पाळी कधी आली नाही. ससा म्हणजे पोराबाळांचा लाड, त्यात लिहायचे काय, असे मलाही वाटे. पण गेल्या हिवाळ्यात आमच्याच ओसरीवर जे झाले ते पाहून ठरवले, की एकदा सशावर लिहायचेच. अनेक घरांत मुलांच्या हौसेने ससा येतो. मुले मोठी होतात, ससा म्हातारा होतो आणि त्याच्याकडे बघायचे घरच्या बाईच्या वाट्याला येते.

आमचा कापश्या सात वर्षांचा. नात तिसरीत असताना तिच्या मामाने आणून दिला. आता ती दहावीला आहे. (हा पाळीव जातीचा पांढरा ससा बरे. रानातला ससा धरून घरात ठेवायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. शेतात पिल्लू दिसले तर तिथेच असू द्यावे, त्याची आई संध्याकाळी येते.) पाळीव सशाचे आयुष्य साधारण आठ ते दहा वर्षांचे. म्हणजे आमचा कापश्या माणसाच्या हिशेबात साठी ओलांडलेला.

पौषात आमची कांदाकाढणी चालू होती. त्या गडबडीत मला एकेक गोष्ट दिसत होती. वाळले गवत तो तसेच ठेवी, पण कोथिंबिरीची कोवळी पाने खाई. हनुवटीखालचे केस ओले असत. ओसरीची पायरी पूर्वी एका उडीत चढणारा कापश्या आता खालीच बसून राही. शेपटीखाली घाण चिकटू लागली. लेंड्या बारीक झाल्या. प्रत्येक वेळी मी मनात म्हटले, म्हातारपण, दुसरे काय! असे म्हणत म्हणत मी आठ दिवस घालवले.

बायांनो, माझी चूक झाली ती इथे. म्हातारपण हा काही रोग नव्हे. म्हाताऱ्या जनावराला जे दुखते त्याला वेगळे नाव असते, आणि पुष्कळदा त्यावर इलाजही असतो.

सशाची अडचण अशी, की तो दुखणे बोलून दाखवत नाही. गाय कण्हते, कुत्रे कुईकुई करते, ससा मात्र कोपऱ्यात अंग चोरून गप्प बसतो. रानात जो लंगडला तो आधी कोल्ह्याच्या तोंडी गेला, म्हणून दुखणे लपवायचे त्याच्या रक्तातच आहे. पाठ वर काढून बसणे, डोळे अर्धे मिटणे, दात करकर वाजवणे, हीच त्याची हाक. ती ऐकायला आपले लक्ष हवे.

दुसरी अडचण, एकाच लक्षणाची चार कारणे असतात. मागचे अंग घाण झाले तर ते जुलाबामुळे असेल, पाठीचा कणा आखडल्याने त्याला मान वळवून अंग साफ करता येत नसेल, किंवा दाढ दुखत असल्याने तो अंग चाटत नसेल. मागचे पाय लटपटतात ते संधिवाताने, कण्याच्या दुखापतीने, नाहीतर मेंदूत आणि मूत्रपिंडात शिरणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीनेही. घरी बसून हे ओळखता येत नाही. डॉक्टरलासुद्धा पहिल्या नजरेत येत नाही. म्हणून "रोग कोणता?" हा प्रश्न आपण आपल्याकडे घेऊच नये. आपला प्रश्न वेगळा: "आज जायचे, की दोन दिवसांनी गेले तरी चालेल?"

याचे उत्तर सशाच्या पोटात आहे. त्याचे आतडे हे अखंड चालणारे जाते. वरून चारा पडत राहिला तर चालते, चारा थांबला की तेही थांबते. मग आत वायू धरतो, पोट दुखते, दुखते म्हणून तो आणखी खात नाही. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे आत अडकलेले वर येण्याची वाट नाही. बैलाने एक वेळ चारा टाकला तर आपण संध्याकाळपर्यंत वाट बघतो. सशाच्या बाबतीत तेवढी सवड नाही.

म्हणून हे मनात पक्के करा. दहा-बारा तास काहीच खाल्ले नाही किंवा लेंडीच टाकली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर. पोट नगाऱ्यासारखे ताठ झाले, कान गार पडून तो आडवा झाला, तोंड उघडून श्वास घेऊ लागला, मान एका बाजूला वाकडी झाली, लघवीला बसून कुंथतो पण होत नाही, किंवा घाणीत माशी बसून अळ्या पडल्या, तर रात्र मध्ये घालवू नका. वजन हळूहळू उतरते आहे, कठीण चारा सोडून मऊ तेवढेच खातो, लाळ गळते, उडी कमी झाली, असे असेल आणि तो खात असेल, तर दोन-तीन दिवसांत जावे. पण जावे. थांबून बघू म्हणू नये.

लघवी तांबूस दिसली म्हणून मात्र लगेच घाबरू नका. खाण्यातल्या रंगानेही सशाची लघवी नारिंगी-लाल होते. पण वयस्क मादीच्या लघवीत रक्ताचे थेंब वा गाठी दिसल्या तर थांबू नका. पिशवी न काढलेल्या म्हाताऱ्या मादीत गर्भाशयाचा कर्करोग बराच आढळतो.

आता आमचे काय झाले ते सांगते. नवव्या दिवशी सकाळी कापश्याने कोथिंबिरीलाही तोंड लावले नाही. मी वाणसामानाच्या तराजूवर दुरडी ठेवून त्याला तोलले. दिवाळीत अडीच किलो होता, आता सव्वादोनला आला होता. पाव किलो म्हणजे काय, असे वाटेल. पण अडीच किलोत पाव किलो म्हणजे दहावा हिस्सा. साठ किलोच्या माणसाचे सहा किलो गेल्यासारखे.

आमचे हे म्हणाले, "सशाला डॉक्टर? लोक हसतील. आणि कांद्याचे पैसे अजून हातात नाहीत." त्यांचेही खोटे नव्हते. पण नात पुस्तक मिटून उठली आणि एवढेच म्हणाली, "आजी, त्याला दुखतंय का?" मला हो म्हणावे लागले. मग ह्यांनीच काही न बोलता मोटारसायकल बाहेर काढली.

तालुक्याचे डॉक्टरसाहेब भले माणूस. त्यांनी कापश्याला तपासून सरळ सांगितले, "मावशी, माझा हात गाईम्हशींवर बसलेला. सशाच्या दाढा बघायची अवजारे माझ्याकडे नाहीत. मी वेदना कमी करायचे औषध देतो आणि पुढे चिठ्ठी देतो. तिकडे नेलेलं बरं." डॉक्टर असे म्हणाला तर त्याला कमी लेखू नये. जो आपली सीमा सांगतो त्याच्यावर जास्त भरवसा ठेवावा. मुंबईत परळ, साताऱ्याकडे शिरवळ, तसेच नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी फोन करून "सशाचे दात बघणारे कोणी आहेत का, कोणत्या वारी?" एवढे विचारून निघावे, म्हणजे फेरी फुकट जात नाही.

जाताना तीन गोष्टी न्याव्यात. एक, वही. केव्हापासून काय खाल्ले, काय टाकले, वजन किती, सगळे तारखेने. दोन, त्या दिवसाच्या लेंड्या कागदात बांधून. तीन, घरी तो कसा चालतो त्याचे मोबाइलवर घेतलेले चित्र, कारण दवाखान्यात घाबरून तो दगडासारखा बसतो आणि डॉक्टरला काहीच दिसत नाही. दुरडीत गोणपाट आणि थोडा चारा ठेवावा. भूल द्यायची असली तरी सशाला कुत्र्यासारखे उपाशी ठेवत नाहीत. आणि कान धरून कधी उचलू नका. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली. लटकता ससा लाथ झाडतो आणि त्या झटक्याने त्याचाच कणा मोडतो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासण्यांची यादी सांगितली: तोंडाची तपासणी, क्ष-किरण, रक्त, लघवी, सोनोग्राफी. मी घाबरले. मग धीर करून विचारले, "बाई, यातल्या कोणत्या तपासणीच्या उत्तराने आपण काही वेगळं करणार आहोत?" त्या हसल्या. म्हणाल्या, "हा प्रश्न सगळ्यांनी विचारला तर माझं काम सोपं होईल." तोंड आणि क्ष-किरण पाहिजेच, भूल द्यायची म्हणून मूत्रपिंडापुरते रक्त पाहिजे, बाकीचे तूर्त राहू दे, असे ठरले. खर्चाचा आकडा आधी विचारला. त्यात लाज कसली? बी-बियाण्याचा भाव आपण विचारतोच.

निघाले ते असे. सशाचे पुढचे दात आणि दाढाही जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर. वाळले गवत चघळूनच ते झिजतात. कापश्याच्या दाढांना एका बाजूने टोके आली होती आणि ती जिभेला टोचत होती. जात्याची टाकी बोथटली की टाकी लावून घेतो, तसे इथे उलटे, वाढलेली टोके घासून काढायची. क्ष-किरणात कण्याचे मणकेही जुळू लागलेले दिसले. रक्तात मूत्रपिंडाचा आकडा थोडा वर होता. म्हणजे दुखणे एक नव्हते, तीन होती. एकाचा इलाज होता, दुसऱ्याला आराम देता येत होता, तिसऱ्यावर नजर ठेवायची होती.

म्हाताऱ्या सशाला भूल म्हणजे जोखीम. डॉक्टरीणबाईंनी ते लपवले नाही. पण दाढा तशाच ठेवल्या तर तो उपाशीच जाणार, हेही तितकेच खरे होते. आम्ही हो म्हटले. तो अर्धा तास मी बाकावर बसून काढला. कापश्या शुद्धीवर आला. पुढचे चार दिवस डॉक्टरांनी दिलेली पेज सुईविना पिचकारीने, तोंडाच्या कडेने, थोडी थोडी भरवली. पोट ताठ असताना मात्र असे भरवायचे नसते, हे त्यांनी बजावले होते. पाचव्या दिवशी त्याने गवताची काडी ओढली. त्या काडीचा आवाज ऐकून नातीने अभ्यासातून मान वर केली.

आता न करायच्या गोष्टी. शेळीच्या उरलेल्या गोळ्या सशाला देऊ नका. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधे पोटात गेली तर सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि मागून ससाही मरतो. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे गोचिडाचे औषध, ज्यात फिप्रोनिल असते, ते सशाला विष आहे. वयस्क सशाला रोज लसूणघास नको. त्यात चुना जास्त, लघवी खडूच्या पाण्यासारखी दाट होते. वाळले गवत हेच मुख्य अन्न. पाणी भरपूर. उन्हाळ्यात सावली आणि ओले पोते हवेच, कारण तिशीच्या वरचा उष्मा त्याला झेपत नाही.

आज कापश्या ओसरीवर आहे. पायरी त्याला चढवत नाही, म्हणून ह्यांनी फळीचा उतार करून दिला आणि खाली गोणपाट अंथरले. दर रविवारी वजन, दोन-अडीच महिन्यांनी दाढा. मूत्रपिंडाचे पुढे काय होईल ते कळणार नाही. ते कळवून घेण्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा टोचायचे नाही, हेही आम्ही ठरवले आहे.

आणखी एक गोष्ट ठरवली, ती सांगायला जड जाते. वहीच्या शेवटच्या पानावर नातीनेच लिहिले आहे: औषध देऊनही दोन दिवस स्वतःहून खाल्ले नाही, उठून पाण्यापर्यंत जाता आले नाही, आणि कुरवाळले तरी दात करकर वाजवत राहिला, तर डॉक्टरीणबाईंना सांगून त्याला शांतपणे जाऊ द्यायचे. हे बरे असताना ठरवावे. ऐन वेळी एकाचा जीव तुटतो, दुसऱ्याला पैसा दिसतो, आणि मुके जनावर मध्ये अडकते.

मुलीला परीक्षेच्या तोंडावर हे सांगावे का, असे सूनबाईने विचारले होते. मी म्हटले, तिने सात वर्षे त्याला चारा घातला, तिला विचारण्याचा हक्क आहे. खरे सांगितल्यावर ती रडली. मग वही तिनेच हातात घेतली आणि आजतागायत तीच लिहिते.

तुमच्या ओसरीवर असा एखादा म्हातारा ससा असेल, तर आज संध्याकाळी त्याला एकदा तराजूत घाला आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या रविवारी परत तोला. एवढ्याने सुरुवात होते.

येते मंडळी. जनावरांना जपा.