साडेतीनशेचा माज, शंभरचं इमान

जुनी मोटारसायकल नव्याने बांधायची म्हटलं की आमच्या लोणी काळभोरात पहिला प्रश्न येतो, "किती सीसी?" गाडी किती सालची, फ्रेम सरळ आहे का, कागद आहेत का, हे सगळं नंतर. आकडा साडेतीनशेच्या खाली असला की समोरच्याचा चेहरा पडतो. "मग लुनाच घे की!"

घ्यावी. मी तेच म्हणतोय. पहिल्यांदा जुनी गाडी बांधणाऱ्याने लहान इंजिनच घ्यावं. खिशाला परवडतं म्हणून नव्हे, तेच शहाणपणाचं आहे म्हणून.

आधी आकडे बघू, कारण मोठ्या इंजिनाचे वकील कायम आकड्यांच्या जोरावर बोलतात. जुन्या बुलेटचं इंजिन ३४६ सीसीचं, ताकद १८ अश्वशक्ती, वजन १६० किलोच्या वर. यामाहा आरएक्स १००चं इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ अश्वशक्ती, वजन साधारण १०० किलो. इंजिन साडेतीनपट मोठं, पण दर शंभर किलोमागे ताकद जवळपास सारखीच! वर माणूस बसला की हिशोब बुलेटच्या बाजूने थोडा झुकतो, मान्य. दोन माणसं आणि सामान घेऊन शिंदवणे घाट चढायचा असेल तर बुलेट कमी फेऱ्यांवरही ओढते, तेही मान्य. पण साडेतीनपट कुठे गेलं? टू-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या प्रत्येक फेरीला एकदा पेटतं, फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा. सीसी म्हणजे पिस्टनने सिलिंडरमध्ये व्यापलेल्या जागेचं माप. वाड्याला खोल्या किती यावरून घरात शहाणी माणसं किती हे जसं कळत नाही, तसंच हे.

आता ब्रेककडे या. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांना पुढे-मागे ड्रम ब्रेक. तो ड्रम, ती फ्रेम, ते शॉकअब मूळच्या इंजिनाच्या हिशोबाने केलेले. आपले पोरगे काय करतात? आरएक्सवर १३५चा बोअर चढवतात, नाहीतर जुन्या फ्रेममध्ये कापाकापी करून नव्या गाडीचं दोनशेवीसचं इंजिन बसवतात. ताकद वाढते, थांबायची सोय तेवढीच राहते. आणि हे सगळं कुठल्या रस्त्यावर? पुणे-सोलापूर महामार्गावर. लोणीच्या डेपोतून निघणारे पेट्रोल-डिझेलचे टँकर, हंगामात उसाच्या ट्रॉल्या, कधीही उलट्या बाजूने समोर येणारी दुचाकी. या रस्त्यावर गाडी किती पळते यापेक्षा किती अंतरात थांबते, यावर माणूस संध्याकाळी घरी पोचतो की नाही ते ठरतं.

कायदाही ऐका. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५२. निर्मात्याने ठरवलेला मूळ तपशील आणि नोंदणीतला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. गाडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन असेल आणि अपघात झाला, तर विमा कंपनीसमोर काय सांगणार? आणि ज्या 'विंटेज' शब्दावर एवढा जीव, त्याचीही व्याख्या आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, चासी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी म्हणजे विंटेज. तिला नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात आणि रोजच्या वापराला बंदी असते. म्हणजे मोठं इंजिन कोंबून 'विंटेज बनवली' म्हणणारा नेमका तिचं विंटेजपण मारत असतो.

शिकण्याची गोष्ट वेगळीच. लहान टू-स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टॅपेट नाहीत. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक, मग क्लच आणि गिअर. एकटा माणूस ते बाकावर उचलून ठेवू शकतो, रविवारी उघडून पुढच्या रविवारी बसवू शकतो. चुकलं तर पिस्टन-रिंगवर निभावतं. बुलेटचं इंजिन पहिल्याच झटक्यात उघडणारे बहुतेक जण ते शेवटी गोणीत भरून मेकॅनिककडे नेतात, आणि पुढचं सगळं काम पैसे मोजून करून घेतात. त्याला गाडी बांधणं म्हणत नाहीत, विकत घेणं म्हणतात.

यावर ठरलेला आक्षेप येतो: टू-स्ट्रोक धूर सोडते. सोडते. इंधनाबरोबर ऑइल जाळते, म्हणून सोडते. प्रदूषणाचे नियम कडक झाले तशा या गाड्या बाजारातून गेल्या, आणि ते योग्यच झालं. धूर नको असेल तर १९८५ साली आलेली हिरो होंडा सीडी १०० घ्या. फोर-स्ट्रोक आहे, शंभराच्या आतली आहे, आणि तिच्यावर अजून कुणाची नजर पडलेली नाही. आरएक्सच्या किमती मात्र हौशी लोकांनी कधीच डोक्यावर नेऊन ठेवल्यात.

बुलेटशी माझं वैर नाही. घरात आजोबांची बुलेट उभी असेल तर ती बुलेट म्हणूनच जिवंत करा, एक नटही बदलू नका. माझं भांडण या समजुतीशी आहे, की जुनं म्हणजे मोठं आणि मोठं म्हणजेच जपण्यासारखं. आपल्या भागाचा इतिहास साडेतीनशेवर बसून आलेला नाही. १९५०च्या दशकात बुलेट आली ती सैन्यासाठी, मग पोलिसांकडे, मग मोठ्या बागायतदाराच्या दारात. गावाला चाकं दिली ती लहान इंजिनांनी. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकने नगरहून ५० सीसीची लुना आणली. मास्तर तिच्यावरून शाळेत गेले, बाया पहिल्यांदा स्वतः गाडी चालवत बाजाराला गेल्या. पोलंडच्या एका गाडीवरून घडवलेली राजदूत १७५ चिखलातून पोती वाहत राहिली. आणि बजाजची एम-८०! ७४ सीसी, गिअर हातात, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. पहाटेचं दूध शहरात पोचवलं ते हिने, कुठल्या धडधडणाऱ्या फटफटीने नाही.

या गाड्यांचे फोटो कुणी भिंतीवर लावत नाही. गोठ्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये कोंबड्यांची विष्ठा अंगावर घेत त्या उभ्या आहेत आणि भंगारवाला त्यांना किलोवर नेतोय. बुलेटला वारस पुष्कळ आहेत, एम-८०ला एकही नाही. तुमच्या हातात पाना आहे, थोडे पैसे आहेत, रविवार आहे. साडेतीनशेच्या आवाजासाठी कर्ज काढण्याआधी गावात एक चक्कर मारा आणि विचारा, "काका, ती मागची गाडी कागदांसकट देता का?" भंगारवाल्याच्या आधी पोचा म्हणजे झालं.