कंपाउंडला करवंद लावा

"का जी गुरुजी, अंगनात काटे काऊन लावता?"

2016 च्या पावसाळ्यात शेजारच्या सूनबाईने मला हे विचारले, तेव्हा मी दुधाच्या रिकाम्या पिशवीतले वीतभर रोप हातात घेऊन खड्ड्यापाशी उकिडवा बसलो होतो. तिच्या कंपाउंडला नुकतीच पिवळ्या पानांची दुरांटा लागली होती, नर्सरीतून आणलेली, ओळीने छाटलेली. बाईचे म्हणणे खोटे नव्हते. करवंदीला काटे असतात, तेही जोडीने, आणि पायात मोडला की दोन दिवस लंगडायला लावतात.

आमचे मूळ गाव गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेले. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींनी धरणाची कोनशिला बसवली, 2009 मध्ये प्रकल्प राष्ट्रीय झाला, आणि 2014 च्या उन्हाळ्यात आम्ही ट्रॅक्टरवर कपाट, जाते आणि आईचा फोटो घालून नव्या गावठाणात आलो. सरळ रस्ते, विजेचे खांब, मुरूम टाकून सपाट केलेले प्लॉट. सावलीला झाड म्हणाल तर नाही. जुन्या घराच्या सांदवाडीत कडुनिंब होता, सीताफळ होते आणि नदीकडच्या कोपऱ्यात करवंदीची जाळी होती. कडुनिंबाची भरपाई कागदावर तरी लिहिली गेली. जाळी कोणी मोजली नाही. मोजायला आलेल्या माणसाने तिच्याकडे पाहून "हे झुडूप आहे" एवढेच म्हटले.

मोबदल्याचे रडगाणे आज गायचे नाही. त्यावर आमच्याकडे पुष्कळ मोर्चे निघाले आहेत. मला कुंपणाबद्दल बोलायचे आहे.

पुनर्वसनाच्या गावांत हल्ली हातात चार पैसे आले की पहिले काम कंपाउंडचे निघते. ज्याला जमते तो विटांची भिंत घालतो, न जमणारा काटेरी तार ओढतो किंवा बेशरमाच्या फांद्या खोचतो. बेशरम फुकट मिळते, धरणाच्या काठाने हवे तेवढे माजले आहे. पण त्याला ना फळ, ना चारा, आणि बकऱ्यांनी खाल्लेच तर त्या आजारी पडतात. शोभेसाठी दुरांटा आहेच. भंडाऱ्याच्या मे महिन्यात ती पाण्याच्या बादलीवर जगते. आणि पाण्याची बादली आमच्याकडे उन्हाळ्यात बायका भरतात. धरणाच्या काठावर राहूनही, हे वेगळे सांगायला नको.

करवंदीला यातले काही लागत नाही. ती मुरमात येते, पान गाळत नाही, दोन पावसाळे जगली की पाण्याची आठवण काढत नाही. एकच गोष्ट तिला सोसत नाही, ती म्हणजे पाणी साचणे. हे मला अनुभवाने कळले. पहिल्या वर्षी मी चार रोपे मोरीच्या सांडपाण्याजवळ लावली, आयते पाणी मिळेल म्हणून. पोळ्यापर्यंत चारही मुळापासून सडली. मग त्याच उन्हाळ्यातले बी वालाच्या बियांसारखे वाळवून पुडीत बांधून ठेवले होते, ते पुढच्या जूनमध्ये पेरले. एकही उगवले नाही. करवंदाचे बी साठवणीचे नाहीच. फळ खाल्ले की गर धुऊन आठवड्याच्या आत मातीत जायला हवे. 2015 मध्ये तसे केले आणि पिशव्या-पिशव्यांतून दोन-दोन चकचकीत पाने वर आली. ती रोपे वर्षभर सांभाळून 2016 मध्ये कंपाउंडच्या रेषेवर अडीच-अडीच फुटांवर लावली. भोवती बोरीच्या काट्या रोवल्या, कारण कोवळी पालवी बकऱ्यांना आवडते. काटे टणक झाल्यावर बकरी आपणहून तोंड वळवते.

2019 मध्ये पहिली फळे धरली. त्याआधी फुले. चांदणीसारखी, पांढरी, जाईच्या वासाची. आमची ही म्हणाली, एवढा वास येतो तर देवाला चालतील की.

कच्चे हिरवे करवंद तोडले की देठातून पांढरा चीक येतो. बोटे एकमेकांना चिकटतात, साबणाने निघत नाही, गोडेतेल चोळावे लागते. त्याचेच लोणचे घालतात. कैरीची चटणी ज्याला दरवर्षीची झाली आहे त्याने एकदा कच्च्या करवंदाची, हिरवी मिरची आणि थोडा गूळ घालून वाटावी. पिकून काळे झाले की पोरांचे राज्य. दाताने अर्धे तोडायचे. आत लाल निघाले तर कोंबडा, पांढुरके निघाले तर कोंबडी. आणि तुमच्या पानावर टपरीवाला ऐटीत जी लाल चेरी ठेवतो, ती बहुतेक वेळा पाकात मुरवून रंगवलेले करवंदच असते. म्हणजे शहरातला माणूस करवंद खातोच आहे, फक्त नाव बदलून.

कोणी म्हणेल, रानडुकराला ही जाळी अडवेल काय? हट्टाला पेटलेल्या डुकराला नाही अडवणार. गुरे, बकऱ्या, कुत्री आणि भुरटे चोर अडतात, घराला तेवढे पुरते. पण शेताच्या बांधावर लोक डुकरासाठी तारेत वीज सोडतात, ते पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. उमरेड-कऱ्हांडल्याच्या जय वाघाचा बछडा श्रीनिवास 2017 मध्ये नागभीडकडे अशाच तारेला चिकटून मेला. माणसेही मरतात, त्यांची बातमी आतल्या पानावर येते. काट्याच्या कुंपणाने आजवर कोणाचा जीव घेतल्याचे मी ऐकलेले नाही.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' नावाची मोठ्या फळाची जात काढली आहे. ज्याला विकायचे आहे त्याने तिचा विचार करावा. मला आपल्या रानातले बारीक, आंबट करवंदच पुरे. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांना मात्र माझे मागणे आहे: पावसाळ्यात गावोगाव रोपे वाटता, त्यात प्रत्येक नव्या गावठाणाच्या घरामागे दहा करवंदी द्या. फोटोत त्या उंच दिसणार नाहीत, पण मेमध्ये जिवंत दिसतील.

शेजारची दुरांटा दोनदा वाळून तिसऱ्यांदा लागली. गेल्या जूनमध्ये सूनबाई स्वतः विचारायला आली, "गुरुजी, चार रोपं देता का जी?" दिली. अजून चाळीसेक पिशव्यांत तयार आहेत. पैसे नकोत. येताना दुधाची रिकामी पिशवी तेवढी आणा.