अण्णांचे पाय, माझे कान

शुक्रवारी संध्याकाळी अण्णांचा फोन. ‘‘ट्रॅक्टरच्या मागून आवाज येऊ लागलाय म्हणे. जमलं तर येऊन जा.’’ मी पुण्यात, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, डोक्यात वीकेंडचा प्लॅन. तरी त्यातलं ‘म्हणे’ खटकलंच. इतकी वर्षं जो माणूस त्या सीटवर बसतोय, त्याला आवाज दुसऱ्याने सांगावा लागला?

रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. सकाळी सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावात हजर. आमचा ट्रॅक्टर आमच्या जिल्ह्यापेक्षा म्हातारा आहे. हिंगोली परभणीतून वेगळी झाली 1999 मध्ये, याच्या नंबर प्लेटवर अजून परभणीचा एमएच-22! मृगाचा पाऊस चांगला झाला होता. सोयाबीन पेरायचं तर 75 ते 100 मिलिमीटर पाऊस हवा, तो झालेला. दोन दिवसांत वापसा येणार, आणि वापसा काही कुणाच्या लीव्हसाठी थांबत नाही.

त्यात एका वर्कशॉपवाल्याने उभ्या उभ्या निकाल देऊन टाकलेला: क्राऊन-पिनियन गेलं. इंजिनाची ताकद मागच्या एक्सलकडे वळवणारी ही दात्यांची जोडी. त्यातलं एकटं बदलून चालत नाही, जोडीच घ्यावी लागते आणि त्यासाठी अख्खं मागचं हौसिंग खोलावं लागतं. म्हणजे खर्च आहेच, पण पेरणीही गेली. अण्णा चक्क विकायची भाषा करत होते. माझ्या शिक्षणासाठी जमिनीचा तुकडा विकला तेव्हाही ट्रॅक्टर विकायचं नाव त्यांनी काढलं नव्हतं.

मी म्हटलं, आधी ऐकू तरी या.

मी मागे उभा राहिलो. अण्णांनी लिफ्ट उचलली आणि बारीक, दातावर येणारा ‘कुंईई’ सुरू झाला. ‘‘हाच का?’’ मी ओरडलो. अण्णा म्हणाले, ‘‘कोणता?’’ त्यांना तो ऐकूच येत नव्हता. हॉर्न ऐकू येतो, गप्पा ऐकू येतात, हा नाही. सततच्या मोठ्या आवाजाने कान जातो तो आधी वरच्या पट्टीत, साधारण 4000 हर्ट्झच्या आसपास. बोलणं बऱ्यापैकी कळत राहतं, त्यामुळे आपलं काही गेलंय हे कळतच नाही. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर, सायलेन्सर तोंडासमोर ठेवून काढलेली सगळी वर्षं होती ती. मी मात्र हेडफोन घालून मीटिंगा करतो आणि वर ‘आवाज नीट येतोय ना?’ विचारतो.

क्लच दाबून पीटीओचा दांडा न्यूट्रलला घेतला, आवाज बंद. या ट्रॅक्टरात हायड्रोलिकचा पंप मागच्या हौसिंगमध्येच, तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या शाफ्टवर फिरतो. म्हणजे ओरडत होता पंप. तेल बरंच खाली गेलेलं, जाळी गाळाने भरलेली. बिचारा हवा ओढत होता. हे काम स्वस्तातलं.

पण अण्णा मान हलवत होते. ‘‘पायाला काहीतरी लागू लागलंय. डाव्या बाजूनं.’’ मला इंजिनाच्या गोंगाटात काहीच कळेना. मी फूटप्लेटवर उभा राहिलो तेव्हा लागलं, एक जाडीभरडी गुरगुर. गिअर बदलला, तरी तीच. लोड काढला, तरी तीच. चाकाच्या वेगाबरोबर वाढणारी, आणि उजवीकडे वळताना, म्हणजे भार डाव्या चाकावर जाताना, जास्तच.

मिस्त्रीकाका आले. पुढच्या चाकांना दगड, एक्सलखाली ओंडके, मग जॅक. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. उजवं चाक उचलून हाताने फिरवलं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक हौसिंगला आणि मूठ कानाला. गुळगुळीत. मग डावं. काकांनी न बोलता स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. आत जणू कुणीतरी खडे चावत होतं. क्राऊन-पिनियन खराब असतं तर कुठलंही चाक फिरवलं तरी तेच ऐकू आलं असतं. चाक वर-खाली हलवून पाहिलं, तर प्लेही होता. डाव्या एक्सलचं बेअरिंग! हौसिंग खोलायची गरजच नाही. चाक आणि ब्रेकचा ड्रम काढला की एक्सल बाहेर येतो.

बेअरिंग हिंगोलीहून मीच आणलं. काकांनी जुनी कॉलर कापून काढली, नवी तापवून बसवली. तेल बदललं, जाळी धुतली. काढलेल्या तेलात चुंबक फिरवलं, तर नुसती काळी चिकट भुकटी आली. दात्याचा तुकडा एकही नाही. काका पहिल्यांदा हसले.

रविवारी संध्याकाळी अण्णांनी बांधापर्यंत एक चक्कर मारली. आल्यावर सीटवरूनच म्हणाले, ‘‘पायाला तर काही न्हाई आता. तुझं ते कुंई?’’

‘‘गेलं,’’ मी म्हटलं. ‘‘अण्णा, हिंगोलीला कान दाखवून घेऊ या एकदा.’’

‘‘काय?’’

मी पुन्हा, मोठ्याने सांगितलं.

‘‘पेरणी होऊ दे,’’ म्हणाले, आणि मागे पेरणी यंत्र जोडायला लागले.